फाट्यावरचे टेबल

आमच्या शाळेत आजही फळ्यावर पांढऱ्या खडूनेच लिहिले जाते. म्हणून दोन वर्षांपूर्वी श्रावणात, नववीच्या वर्गात वह्या तपासताना एका मुलाच्या डाव्या हाताच्या अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या बेचक्यात मला निळा डाग दिसला, तेव्हा तो शाईचा असेल असे मी धरून चाललो. जवळून पाहिले तर तो कोरडा होता, भुकटीसारखा, आणि वहीच्या कोपऱ्यावरही त्याचे बोट उमटले होते. हे काय लागले, असे विचारताच मुलाने हात पँटला पुसला आणि "काही नाही सर" एवढेच म्हणाला. पुढच्या बाकावरच्या मुलाने मात्र मान न वळवता सांगून टाकले, "सर, तो फाट्यावर स्नूकर खेयते."

तो खेळ स्नूकर नव्हता, पूल होता. पण आमच्या भागात हिरव्या कापडाच्या प्रत्येक टेबलाला स्नूकरच म्हणतात. काठीच्या टोकाला जो निळा खडू घासतात, त्याची भुकटी काठी टेकवायच्या हाताच्या बेचक्यात जमते आणि एका धुण्यात जात नाही. त्या दिवसापासून मी मुलांचे हात पाहू लागलो. आठवडाभरात नववी आणि दहावीच्या अकरा मुलांच्या हातांवर मला तो निळा रंग दिसला.

आमचे गाव यवतमाळ जिल्ह्यात, वर्धा नदीच्या अलीकडच्या अंगाला आहे. मंगळवारचा बाजार, जिनिंग, दवाखाना आणि दहावीपर्यंतची शाळा असल्यामुळे आसपासच्या सात-आठ खेड्यांतली मुले एसटीने येथे येतात. शाळा पाच वाजता सुटते आणि परतीची गाडी साडेसहाला फाट्यावर लागते. मधल्या दीड तासात या मुलांना कुणाचाच आसरा नसतो. पावसाळ्यात थांब्यावर छप्पर नाही, आणि समोरच्या पत्र्याच्या हॉलमध्ये उजेड, पंखा आणि दोन टेबले आहेत. मुले तेथे का जातात, हे समजून घ्यायला एसटीचे वेळापत्रक पुरेसे आहे, आणि त्यांच्या वळणाबद्दल निष्कर्ष काढण्यापूर्वी गावातल्या प्रत्येक मोठ्या माणसाने ते एकदा वाचावे, असे मला मनापासून वाटते.

अडचण एवढीच होती की त्या हॉलकडे जाणारी वाट परमिट रूममधून जात होती.

एका संध्याकाळी मी स्वतः तेथे गेलो. पुढच्या खोलीत चार टेबलांवर माणसे पीत बसली होती, आणि त्यांच्या मधून, ओल्या फरशीवरून, दप्तर पाठीला लावलेली आमची मुले आतल्या दाराकडे जात होती. आत टेबलाच्या लाकडी काठावर खडूच्या शेजारी फुटाण्यांची ताटली होती आणि खिडकीत रिकामे ग्लास होते. नववीतला तो मुलगा एका तिशीतल्या माणसाविरुद्ध खेळत होता. त्या माणसाची पाळी आली, तेव्हा त्याने हातातला भरलेला ग्लास "धर बे" म्हणत मुलाच्या हाती दिला, वाकून नेम धरला, चेंडू घातला, पुन्हा नेम धरला, पुन्हा घातला, आणि तेवढा सगळा वेळ तो पंधरा वर्षांचा मुलगा शाळेच्या गणवेशात दोन्ही हातांनी तो ग्लास सांडू नये म्हणून जपून धरून उभा होता. त्याने तो ओठांना लावला नाही. त्या माणसाने परत घेतला आणि मुलगा आपल्या काठीकडे वळला. मला पाहिल्यावर त्याचे पहिले वाक्य होते, "सर, मी पेत नाही. फकत गेम खेयतो."

तो खरे बोलत होता, याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती. मला काळजी वाटली ती त्या जागेच्या हिशेबाची. आमच्याकडे टेबलाचे पैसे हरणारा देतो. एका डावाचे तीस रुपये आणि शेतमजुराच्या मुलाच्या खिशात बसभाड्यापुरते दहा-वीस. तो दोन डाव हरला की उधारी होते, आणि ती उधारी मालक मागत नाही, कारण शेजारचा मोठा माणूस "राहू द्या, मी देतो" म्हणून ती चुकती करतो. पुढच्या आठवड्यात तोच माणूस समोरच्या दुकानातून सिगारेट आणायला सांगतो, मग पुढच्या खोलीतून ग्लास भरून आणायला सांगतो, आणि ज्याने आपले पैसे दिले त्याला नाही म्हणायला पंधरा वर्षांच्या मुलाजवळ शब्द नसतात. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने, जो आज पंचविशीत आहे आणि ज्याची दारू सोडवण्यासाठी त्याच्या आईने दोनदा सावकाराकडून पैसे उचलले, मला हा क्रम जसाच्या तसा सांगितला. पहिला घोट त्याने चव म्हणून घेतला नव्हता, उपकार फेडायला घेतला होता.

ही टेबले येथे आली कशी, हेही सांगितले पाहिजे, कारण त्यात मालकाची बाजू आहे. सर्वोच्च न्यायालयाने १५ डिसेंबर २०१६ रोजी राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री नको, असा निकाल दिला, आणि ३१ मार्च २०१७ रोजी २०,००० पर्यंत लोकसंख्येच्या गावांसाठी ते अंतर २२० मीटर केले. आमचा फाटा राज्य महामार्गावरच असल्याने १ एप्रिलपासून परमिट रूमचे शटर खाली आले. बांधकामाचे कर्ज डोक्यावर असलेल्या मालकाने नागपूरहून दोन जुनी टेबले आणली आणि मागच्या हॉलमध्ये मांडली. ते वर्ष चांगले होते. मुले तेथे खेळायची, शेंगदाणे खायची आणि गाडी आली की पळायची. मी स्वतः एकदा तेथे चहा घेतला आहे. फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यायालयाने ग्रामपंचायतींच्या हद्दीतल्या दुकानांचा निर्णय राज्यांवर सोपवला, वर्षअखेर पुढच्या खोलीचे शटर पुन्हा उघडले, आणि टेबले होती तेथेच राहिली. आमची मुले दारूच्या जागी गेली, असे गावात सर्रास म्हटले जाते. वस्तुस्थिती अशी आहे की मुले आधीपासून तेथे होती आणि दारू मागाहून त्यांच्याजवळ आली.

त्यातच नदीपलीकडचा वर्धा जिल्हा दारूबंदीचा. सेवाग्राम आणि पवनार ज्या जिल्ह्यात आहेत तेथे ती असणे योग्यच आहे, परंतु पुलापलीकडची पिणारी माणसे संध्याकाळी पुलाअलीकडे येतात, आणि आमच्यासारख्या काठावरच्या गावांतल्या परमिट रूममध्ये गावच्या वस्तीच्या मानाने कितीतरी अधिक गर्दी असते. त्या गर्दीतल्या माणसांना आमची मुले कुणाची आहेत, हे ठाऊक नसते, आणि ओळख नसली की लाजही नसते.

मी कायदा शिकलेला माणूस नाही, पण या निमित्ताने जे वाचले ते नीट मांडतो. महाराष्ट्रात बिअरसाठी वयाची अट २१ वर्षे आणि कडक दारूसाठी २५ वर्षे आहे. २०१५ च्या बालन्याय कायद्याच्या कलम ७७ नुसार मुलाला दारू, अमली पदार्थ किंवा तंबाखू देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. कलम ७८ मुलाचा वापर दारू विकायला किंवा वाहून न्यायला करणाऱ्यास तेवढीच शिक्षा सांगते. ही कलमे कडक आहेत आणि मला ती मान्य आहेत. पण कलम ७७ देणाऱ्या हाताला पकडते. ज्या खोलीत तो हात आणि ते मूल रोज दीड तास एकमेकांच्या शेजारी असतात, त्या खोलीपर्यंत ते पोचत नाही. ग्लास धरून उभ्या राहिलेल्या त्या मुलाला कुणी दारू दिली होती का, याचे उत्तर मी स्वतःलाही देऊ शकलो नाही.

टेबलाचा कायदा वेगळा आहे. १९५१ च्या पोलीस कायद्यात, जो आपण पूर्वी मुंबई पोलीस कायदा म्हणून ओळखत होतो, सार्वजनिक करमणुकीच्या जागेची व्याख्या दिलेली आहे, आणि तीत सर्कस, नाट्यगृह, व्यायामशाळा, पोहण्याचा तलाव यांच्या रांगेत बिलियर्ड रूमचे नाव स्पष्ट लिहिलेले आहे. अशा जागांच्या परवान्याचे नियम करण्याचे अधिकार कलम ३३ ने पोलीस आयुक्तांना आणि जिल्हादंडाधिकाऱ्यांना दिले आहेत. म्हणजे हिरवे टेबल एका खात्याच्या नजरेखाली आणि दारूचा काउंटर दुसऱ्या. मी अर्ज घेऊन दोन्हीकडे गेलो. एका कार्यालयात मला सांगण्यात आले की दारूचे आम्ही पाहत नाही. दुसऱ्या कार्यालयात सांगण्यात आले की मूल पीत असेल तर तक्रार द्या, खेळत असेल तर आमचा संबंध नाही. दोघेही सौजन्याने बोलले, दोघांनीही पाणी विचारले. आमचे मूल मात्र त्या दोन कार्यालयांच्या मधल्या दाराशी उभे होते.

हा पेच केवळ आपल्या फाट्यावरचा नाही. अमेरिकेत तो शंभर वर्षांहून जुना आहे. कॅलिफोर्नियातल्या साउथ पॅसाडीना या गावाने पैसे घेऊन चालणाऱ्या बिलियर्ड आणि पूल हॉलवर सरसकट बंदी घातली होती. फक्त २५ किंवा त्याहून अधिक खोल्यांच्या हॉटेलला आपल्या पाहुण्यांसाठी टेबल ठेवण्याची सवलत होती. मर्फी नावाच्या हॉलमालकाने आपला धंदा कायदेशीर असल्याचे सांगत दाद मागितली आणि १९१२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या बाजूने निकाल दिला. न्यूयॉर्क शहराने तर १९४२ ते १९७६ अशी चौतीस वर्षे पिनबॉलच्या, म्हणजे नाणे टाकून चेंडू खेळवण्याच्या, यंत्रांवर बंदी ठेवली. त्या काळच्या लोकांची मुलांबद्दलची काळजी खरी होती, हे मला समजते, पण त्यांनी खेळाला दोषी धरले, आणि तेथे मी त्यांच्यासोबत नाही. पुढे तेथील अनेक राज्यांनी आणि शहरांनी वेगळी रेघ ओढली: जेथे दारू दिली जाते त्या पूल हॉलमध्ये अल्पवयीनांना मज्जाव, किंवा पालकासोबतच प्रवेश, जेथे दारू नाही तेथे मुलांना पुष्कळशी मोकळीक. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००३ च्या लायसन्सिंग कायद्याने असे ठरवले की जी जागा मुख्यतः बसून दारू पिण्यासाठीच चालते, तेथे दारूची विक्री सुरू असताना सोळा वर्षांखालच्या मुलाला सोबत प्रौढ माणूस नसताना थांबू देणे हा चालवणाऱ्याचा गुन्हा आहे. मूल पीत होते की खेळत होते, हा प्रश्न तेथे उरतच नाही. ते तेथे एकटे का होते, एवढेच विचारले जाते, आणि ते मुलाला नव्हे, मालकाला विचारले जाते. मला ही मांडणी फार पटली.

खेळाबद्दल इतक्या आग्रहाने लिहिण्याचे कारण गावातल्या चर्चेत आहे. बहुतेकांचे म्हणणे होते की टेबलच उचलून फेका. ज्या खेळात कोन, वेग आणि संयम यांची रोज परीक्षा होते, त्याला जुगाराचा भाऊ समजणे हा अन्याय आहे. स्नूकरचा जन्म तर आपल्या शेजारचा. १८७५ च्या सुमारास जबलपूरच्या लष्करी अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये, पावसाळ्यात वेळ जात नव्हता तेव्हा, नेव्हिल चेंबरलेन या तरुण अधिकाऱ्याने तो खेळ बसवला, आणि त्याचे नियम पुढे उटीच्या क्लबात पक्के झाले. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स यांनी १९५८ मध्ये कलकत्त्याला हौशी बिलियर्डचे जगज्जेतेपद मिळवले, आणि कोणत्याही खेळात वैयक्तिक जगज्जेते होणारे ते पहिले भारतीय ठरले. पंकज अडवाणी हेही जन्माने पुण्याचेच. दहाव्या वर्षाच्या सुमारास थोरल्या भावाच्या मागे टेबलाजवळ गेले आणि २००३ मध्ये, अठराव्या वर्षी, हौशी स्नूकरचे जगज्जेते झाले. या खेळात हात लहानपणीच बसतो. मेस आणि क्लब यांच्या चालीमुळे टेबल आणि मद्य शेजारी आले, आणि ती शेजारची सवय तशीच आपल्या पत्र्याच्या हॉलपर्यंत उतरली. ती सोडवता येते, असे माझे म्हणणे होते आणि आहे.

२ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत हा विषय निघाला. त्या दिवशी कोरडा दिवस असल्याने फाट्यावरचे शटर बंद होते आणि मालकही सभेला आला होता. सोयाबीनची सोंगणी सुरू असूनही बायका मोठ्या संख्येने आल्या. एका बचतगटाच्या काकू उठून म्हणाल्या, "सर, तुमी टेबलाचं काय घेऊन बसले? बाटली आडवी करा, सारं आपोआप बंद व्हते." त्यांचा राग मला शंभर टक्के मान्य होता. पण ज्यांनी ती लढाई पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो: दुकान बंद करण्यासाठी पंचवीस टक्के महिला मतदारांनी किंवा एकूण मतदारांपैकी पंचवीस टक्क्यांनी मागणी केली की गुप्त मतदान होते, आणि आडव्या बाटलीला, म्हणजे बंदीच्या चिन्हाला, एकूण नोंदलेल्या मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मते लागतात; झालेल्या मतदानातली निम्मी पुरत नाहीत. कापूस वेचायला परगावी गेलेली बाई घरी नसली तर तिची अनुपस्थिती उभ्या बाटलीच्या कामी येते. गडचिरोलीने १९९३ मध्ये जिल्हाभर बंदी मिळवली, ती वर्षानुवर्षांच्या लोकचळवळीतून; चंद्रपूरने १ एप्रिल २०१५ पासून मिळवली आणि २०२१ मध्ये ती उठवली गेली. ही लढाई बायकांनी लढावी आणि मी त्यांच्या मागे उभा राहीन, असे मी सभेत सांगितले; मात्र ती जिंकेपर्यंत साडेसहाच्या गाडीची वाट पाहणाऱ्या मुलांनी बसायचे कुठे, हाही प्रश्न त्याच दिवशी सुटला पाहिजे, असा आग्रह धरला.

मालक बराच वेळ गप्प होता. शेवटी म्हणाला, "म्या त्यायले कधी पाजली नाही सर. पोरं येतात म्हनून टेबलाचा हप्ता निंगते." मी त्याला म्हटले, "भाऊ, तुम्ही पाजली नाही हे मी लिहून देतो. पण तुमच्या गिऱ्हाइकांची हमी तुम्ही द्याल का?" तो म्हणाला, नाही देऊ शकत. सभेतले त्याचे ते उत्तर मला प्रामाणिक वाटले, आणि पुढचे सगळे त्या उत्तरामुळेच घडले.

ठराव असा झाला: ज्या जागेत दारू दिली जाते, किंवा ज्या खोलीची वाट तशा जागेतून जाते, तेथे अठरा वर्षांखालच्या कोणालाही टेबल देऊ नये, दारू नसलेल्या वेगळ्या जागेत टेबल असेल तर मुलांना संध्याकाळी सातपर्यंत खेळू द्यावे, आणि ही अट टेबलाच्या व दारूच्या अशा दोन्ही परवान्यांवर लिहिली जावी, अशी विनंती जिल्हाधिकारी कार्यालयाला करावी. ग्रामसभेच्या ठरावाने कायदा बदलत नाही, हे आम्हाला ठाऊक होते.

मालकाने दिवाळीपूर्वी मधले दार विटांनी बुजवले आणि हॉलला पूर्वेकडून वेगळे दार काढले. महिनाभर ते बरे चालले. मग लोक ग्लास घेऊन बाहेरून फिरून येऊ लागले. तेव्हा त्यानेच सुचवले की एक टेबल तुम्ही घेऊन जा. बंद पडलेल्या दूध संस्थेची खोली थांब्यापासून पन्नास पावलांवर होती. ग्रामपंचायतीने ती दिली, युवक मंडळाने वर्गणी काढली, आणि बैलगाडीने, वर ताडपत्री घालून, ते टेबल तेथे आले. त्याचे कापड दोन ठिकाणी फाटले होते. गावातल्या शिंप्याने ते पाठीमागून अस्तर लावून इतके सफाईने शिवले की चेंडू अडत नाही. टेबल सपाट आहे का, हे तपासायला गवंड्याने आपली पाणसळ आणली आणि एका पायाखाली पत्त्याच्या जाडीची पाचर बसवली. महिन्याला पन्नास रुपये वर्गणी आहे, आणि हरणाऱ्याने पैसे द्यायचे नाहीत, हा नियम दारावर मोठ्या अक्षरांत लिहिला आहे. मला सगळ्यांत जास्त समाधान देणारी गोष्ट म्हणजे आठवीतल्या दोन मुली आता नियमाने खेळतात. फाट्यावरच्या हॉलमध्ये एकही मुलगी कधी पाऊल ठेवू शकली नसती.

सगळे सुटले असे नाही. जुन्या हॉलमध्ये एक टेबल अजून आहे, आणि कॉलेजला जाणारी सतरा वर्षांची मुले तेथे दिसतात. पेल्याबरोबर येणारे पैसे आमच्या खोलीत नाहीत, आणि काहींना त्या पैशांचेच आकर्षण आहे. आमच्या ठरावाची पोच जिल्ह्याहून आली आहे, उत्तर आलेले नाही. बालहक्कांच्या ज्या आंतरराष्ट्रीय करारात आपला देश १९९२ मध्ये सहभागी झाला, त्याच्या ३१ व्या कलमात मुलाचा खेळण्याचा हक्क मान्य केलेला आहे. स्मरणपत्रात मी त्याचाही उल्लेख केला आहे, कारण आमची मागणी बंदीची आहे तितकीच जागेची आहे.

तो नववीतला मुलगा आता अकरावीला आहे आणि तालुक्याहून त्याच साडेसहाच्या गाडीने घरी परततो. गाडी फाट्यावर दहा मिनिटे थांबते. तेवढ्यात तो दूध संस्थेच्या खोलीत येतो आणि पाचवीतल्या ज्या मुलांचा हात टेबलावर पुरत नाही, त्यांच्यासाठी कोपऱ्यातले लाकडी खोके पायाने सरकवून देतो. परवा मी गेलो, तेव्हा तो एका मुलाच्या डाव्या हाताचा पंजा कापडावर नीट पसरवून दाखवत होता. अंगठा किती उचलायचा, काठी कुठे टेकवायची, हे तो सांगत असताना बाहेर ड्रायव्हरने दोनदा हॉर्न वाजवला. येत्या २ ऑक्टोबरच्या विषयपत्रिकेत तो जुना ठराव पुन्हा घ्यावा आणि उरलेल्या टेबलाचाही विचार व्हावा, असे पत्र मी सरपंचताईंकडे काल दिले आहे.